मुलीला बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालीये, नातेवाईक नको म्हणतायत, कोणाला माहिती आहे का?

वारजे_आई

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचते, पण अमेरिकेत शिकलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. मुलगी सिव्हिल इंजिनिअर आहे, पुण्यातच एका कन्सल्टन्सीत नोकरी करते, म्हणजे फूटपाथ, बसस्टॉप, चौकातली वाहतूक हे सगळं मोजायचं आणि रिपोर्ट करायचे. स्वारगेटला पीएमपीच्या प्रवाशांचा सर्व्हे केला तेव्हापासून तिच्या डोक्यात पक्कं बसलंय की पुढे शहर नियोजनातच मास्टर्स करायचं. तीन-चार ठिकाणी अर्ज टाकले होते, त्यातून बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट युनिव्हर्सिटीचं पत्र आलंय, सिटी अँड रीजनल प्लॅनिंगसाठी. असिस्टंटशिप (विभागात काम करायचं आणि त्या बदल्यात फीत सवलत, थोडा पगार) मिळू शकेल असं तिथल्या एका प्राध्यापकांनी मेलमध्ये लिहिलंय. ती एकदम खूश.

माझे मोठे दीर न्यू जर्सीला असतात. त्यांना कळवलं तर म्हणाले ते काळ्यांचं कॉलेज आहे, आपल्या मुलीला तिकडे कशाला पाठवता, वस्ती वाईट, डिग्रीला कोणी विचारणार नाही. झालं, घरात दोन तट पडले. सासूबाई रोज विचारतात दुसरं कुठलं नाही का मिळालं. आणि मुलगी म्हणते आई तू स्वतः वाच आणि मग बोल. मी वाचलं पण वेबसाइटवर सगळेच आपापलं चांगलंच लिहितात ना. हे विद्यापीठ नक्की कशासाठी काढलेलं आहे, बाकीच्या मुलांना तिथे घेतात का, शिकवतात काय, डिग्री चालते का, आणि बाल्टिमोरला मुलीला एकटीला पाठवावं का? जे माहीत असेल ते स्पष्ट सांगा, गोड बोलायची गरज नाही.


रेणुका_बी

ताई, मी मॉर्गनलाच मास्टर्स केलं, ट्रान्स्पोर्टेशनमध्ये, आता मेरीलँडमध्येच नोकरी करतेय. मूळची बिबवेवाडीची. जरा सविस्तर लिहिते.

बाकीच्यांना घेतात का ही काळजी आधी मनातून काढून टाका. अमेरिकेत १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यात या प्रकारच्या संस्थांची व्याख्या आहे, १९६४ च्या आधी निघालेली आणि कृष्णवर्णीयांना शिकवणं हे मुख्य काम असलेली कॉलेजं. त्यांना एचबीसीयू म्हणतात, देशात शंभरच्या आसपास आहेत. कमला हॅरिस ज्या हॉवर्डला शिकल्या ते त्यातलंच, पण ते खाजगी. मॉर्गन राज्य सरकारचं आहे. ज्यांना बाकीच्यांनी दारात उभं केलं नाही त्यांच्यासाठी ही कॉलेजं निघाली, पण त्यांनी स्वतः कोणाला रंग बघून दार लावलं नाही. माझ्या वर्गात नायजेरिया, नेपाळ, सौदी, चीन, बाल्टिमोरचे लोकल, सगळे होते. नोकरी सांभाळून संध्याकाळच्या क्लासला येणारे चाळिशीतले लोकही होते आणि खरं तर जास्त शिकायला मिळालं ते त्यांच्याकडून.

आता कशासाठी काढलंय. यातली बरीच सरकारी विद्यापीठं शेतीच्या, ग्रामीण भागातली आहेत, कारण १८९० च्या एका केंद्रीय कायद्यातून ती उभी राहिली. मॉर्गन मात्र शहराचं आहे, राहतं शहरात आणि काम पण शहराचंच करतं. २०१७ मध्ये मेरीलँडने कायद्यानेच त्याला राज्याचं प्रमुख सार्वजनिक शहरी संशोधन विद्यापीठ ठरवलं. त्यांच्या ध्येयातच आहे की समाजाचे प्रश्न, त्यातही शहरी वस्त्यांमधले, यांना अग्रक्रम द्यायचा, आणि वेगवेगळ्या थरातल्या लोकांना बॅचलर्सपासून डॉक्टरेटपर्यंत शिकवायचं. हे कागदावरचं शोभेचं वाक्य नाहीये, विभागांची नावं बघितली तरी कळतं. आर्किटेक्चर आणि प्लॅनिंगचं वेगळं स्कूल आहे, इंजिनिअरिंगमध्ये वाहतूक आणि शहरी पायाभूत सुविधांचा वेगळा विभाग आहे, सोशल वर्क आहे, पब्लिक हेल्थ आहे, शिक्षणशास्त्रात शहरी शाळांवर काम चालतं, शिवाय बिझनेस, पत्रकारिता, कॉम्प्युटर, नर्सिंग वगैरे नेहमीचं सगळं. कॅम्पसच्या आजूबाजूच्या एका मैलातल्या वस्त्यांसाठी कम्युनिटी माइल नावाचा उपक्रम आहे, तिथली घरं, आरोग्य, शाळा, सुरक्षितता यावर विद्यार्थी आणि रहिवासी एकत्र काम करतात.

प्लॅनिंगच्या मुलांबरोबर आमचा एक स्टुडिओ, म्हणजे प्रत्यक्ष वस्तीत जाऊन करायचा प्रोजेक्ट, होता तो सांगते म्हणजे अंदाज येईल. ईस्ट बाल्टिमोरमधला एक रस्ता दिला होता. लायनीने चिकटून असलेली विटांची घरं, पुढे संगमरवरी पायऱ्या, आणि मधल्या कितीतरी घरांच्या खिडक्यांना प्लायवूड ठोकलेलं कारण आत कोणी राहतच नाही. बाल्टिमोरमध्ये अशी रिकामी घरं हजारोंनी आहेत. आम्हाला मोजायचं काय होतं तर बसस्टॉपपासून किराणा दुकानापर्यंत चालत किती वेळ लागतो, वाटेत बसायला बाक आहे का, सावली आहे का, फूटपाथ कुठे तुटलाय. एक आजी दोन्ही हातात पिशव्या घेऊन उतरल्या आणि आम्हाला म्हणाल्या तुमचं घड्याळ बंद करा आणि माझ्याबरोबर चाला. तरुण मुलांना जे अंतर सात-आठ मिनिटांचं वाटत होतं ते त्यांच्याबरोबर चालताना वीस-बावीस मिनिटांचं झालं, कारण दोनदा कोणाच्या तरी पायरीवर टेकावं लागलं. सरांनी तेवढ्यावर आमचं अख्खं मॉडेल परत करायला लावलं. स्वारगेटला उन्हात उभं राहून प्रवासी मोजलेल्या मुलीला यात काय मजा आहे ते वेगळं सांगायला नको.

सुरक्षिततेवर आणि पैशांवर रात्री लिहिते, आता ऑफिसला पोचायचंय.


प्रॅक्टिकल_पुणेकर

ताई माझं मत थोडं वेगळं आहे. रंगाबिंगाचं सोडा, तो मुद्दाच नाही आणि तुमच्या दिरांनी तसं बोलायला नको होतं. पण आपण मध्यमवर्गीय लोक, कर्ज काढून पाठवणार, तर नाव मोठं असलेल्या ठिकाणीच पाठवावं. पुण्यात परत आली तर एचआरवाले मॉर्गन म्हटल्यावर दोनदा विचारतील कुठलं मॉर्गन. बाल्टिमोरमध्येच जॉन्स हॉपकिन्स आहे, तिकडे बघा की. तिथे जमत नसेल तर एक वर्ष थांबा, परत अर्ज करा. घर गहाण टाकून प्रयोग करू नये इतकंच.


इतिहासवाला_शनिवार

मी कॉलेजात इतिहास शिकवतो आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही, लांबलं तर चालवून घ्या.

ताई, तुमच्या घरात जो वाद चाललाय तो पुण्यात बसून व्हावा याचं मला फार वाईट वाटतं. याच पुण्यात १८७३ साली महात्मा फुल्यांनी गुलामगिरी हे पुस्तक अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं, त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी जे सोसलं त्याबद्दल आदर म्हणून, आणि माझ्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा या इच्छेने. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. गंज पेठेत बसलेल्या माणसाला तिकडचं दुःख आपलं वाटत होतं. आणि त्याच काळात, १८६७ ला, बाल्टिमोरमध्ये मॉर्गनची सुरुवात झाली. तेव्हा नाव सेंटेनरी बिब्लिकल इन्स्टिट्यूट होतं, मेथडिस्ट चर्चने काढलेलं, आधी धर्मोपदेशक तयार करायला आणि मग शिक्षक तयार करायला, मुलगे आणि मुली दोघांनाही. मेरीलँडमध्ये गुलामगिरी कायद्याने गेली १८६४ ला. म्हणजे तीन वर्षांत संस्था उभी. ज्यांना कालपर्यंत अक्षर शिकवणं लोकांना धोक्याचं वाटत होतं त्यांच्यातून शिक्षक घडवायचे, हे काम किती मोठं असेल ते सावित्रीबाईंच्या गावातल्या माणसाला तरी कळायला पाहिजे. मॉर्गन निघालं त्याच्या पुढच्याच वर्षी, १८६८ ला, फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला.

१८९० ला संस्थेचं मॉर्गन कॉलेज झालं. १९१७ मध्ये आत्ताच्या जागेवर आलं तेव्हा आजूबाजूच्या गोऱ्या रहिवाशांनी विरोध केला. पुढे कॅम्पस आणि शेजारची वस्ती वेगळी ठेवायला विटांची भिंत उभी केली होती, ती अलीकडे पाडली आणि थोडासा तुकडा आठवणीसाठी राखला. हे काही आडगावातलं नाही, अमेरिकेतलं एक मोठं बंदर. याच बाल्टिमोरने १९१० ला कोणत्या गल्लीत कोणत्या रंगाच्या माणसाने राहायचं याचा नगरपालिकेचा कायदाच केला होता. शहर नियोजन शिकणाऱ्या मुलीने हे नुसतं वाचू नये, तिथे जाऊन बघावं असं मला मनापासून वाटतं, कारण नकाशावरच्या रेषा माणसांच्या आयुष्याचं काय करतात ते बाल्टिमोरमध्ये चालता चालता दिसतं.

सरकारी कसं झालं ते पण सांगतो. मेरीलँडच्या लॉ स्कूलमध्ये कृष्णवर्णीयांना घेत नसत. पुढे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झालेले थर्गुड मार्शल बाल्टिमोरचेच, तेही म्हणून हॉवर्डला गेले, आणि वकील झाल्यावर १९३५ ला त्यांनी आणि त्यांच्या गुरूंनी त्याच लॉ स्कूलविरुद्ध खटला जिंकून डोनाल्ड मरे या विद्यार्थ्याला प्रवेश मिळवून दिला. राज्याच्या लक्षात आलं की आपण या नागरिकांसाठी काहीच केलेलं नाही, आणि १९३९ ला राज्याने मॉर्गन चर्चकडून विकत घेतलं. १९७५ ला युनिव्हर्सिटी झाली.

विद्यार्थ्यांनी काय केलं तेही ऐका. १९५५ च्या जानेवारीत मॉर्गनचे विद्यार्थी रीड्स नावाच्या औषधदुकानाच्या काउंटरवर जाऊन बसले, जिथे कृष्णवर्णीयांना वस्तू विकत पण बसून खाऊ देत नसत. थोड्याच दिवसांत त्या कंपनीने बाल्टिमोरमधल्या सगळ्या दुकानांत ही बंदी उठवली. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोचं असंच काउंटरवर बसण्याचं गाजलेलं आंदोलन यानंतर पाच वर्षांनी, १९६० ला झालं, पण पुस्तकात नाव त्याचंच येतं. १९६३ ला कॅम्पसजवळच्या नॉर्थवूड थिएटरसाठी शेकड्यांनी मुलं तुरुंगात गेली आणि थिएटर खुलं झालं. आपल्याकडे १९२९ चा पर्वतीचा सत्याग्रह आठवा, मंदिर प्रवेशासाठी लोकांनी दगड खाल्ले होते. मार्टिन ल्यूथर किंगनी १९५८ चं पदवीदानाचं भाषण मॉर्गनला केलं होतं.

सासूबाईंना हे सगळं सांगा. मला वाटतं त्यांना पटेल.


वारजे_आई

सर खूप खूप धन्यवाद, मी हे मोठ्याने वाचून दाखवलं घरात. सासरे गप्प ऐकत होते आणि मग म्हणाले मुलीची निवड वाईट नाही.

प्रॅक्टिकल पुणेकर, तुमचं पण बरोबर आहे, पैशाचा प्रश्न खरा आहे. एका मोठ्या नावाच्या युनिव्हर्सिटीतून पण तिला पत्र आलंय पण तिथे एक रुपयाची मदत नाही, सगळं कर्जावर. त्या हिशोबाने आमच्या दोघांच्या रिटायरमेंटपर्यंत हप्ते जातील. मॉर्गनला असिस्टंटशिप पक्की झाली तर ओझं खूप हलकं होईल. पण पक्की म्हणजे काय, मेलमध्ये शक्यता आहे असं लिहिलंय फक्त.


ह्यूस्टनचा_नंदू

माझा अनुभव मॉर्गनचा नाही पण अशाच एका विद्यापीठाचा आहे. माझी बायको ह्यूस्टनच्या टेक्सास सदर्न युनिव्हर्सिटीत शिकली, थर्ड वॉर्ड भागात आहे. त्याची जन्मकथा तर कोर्टातलीच. हेमन स्वेट नावाचे एक पोस्टमन होते, त्यांनी १९४६ ला टेक्सास विद्यापीठाच्या लॉ स्कूलला अर्ज केला, तो रंगामुळे नाकारला, त्यांनी केस टाकली. राज्य सरकारने त्या एका माणसाला प्रवेश द्यायचं टाळण्यासाठी १९४७ ला कृष्णवर्णीयांसाठी नवीन विद्यापीठच काढलं! स्वेट तिथे गेले नाहीत, लढत राहिले, १९५० ला सुप्रीम कोर्टात जिंकले. पण जे विद्यापीठ टाळाटाळीसाठी निघालं होतं ते लोकांनी मनापासून आपलं केलं आणि वाढवलं. आज त्यांच्या लॉ स्कूलला थर्गुड मार्शल यांचं नाव आहे, फार्मसी आहे, आणि १९७३ ला टेक्सासच्या विधिमंडळाने त्याला शहरी कामासाठीची विशेष संस्था म्हणून दर्जा दिला.

बार्बरा जॉर्डन तिथल्याच. तेव्हा टेक्सास विद्यापीठात त्यांना जाता येत नव्हतं म्हणून टेक्सास सदर्नला आल्या, तिथल्या वादविवाद संघात घडल्या, आणि त्या संघाने हार्वर्डबरोबर बरोबरी साधली होती. पुढे अमेरिकन संसदेत दक्षिणेतून निवडून गेलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. त्यांचे कोच थॉमस फ्रीमन, त्यांनी दशकानुदशकं तो संघ चालवला आणि शंभर वर्षं जगले. माझी बायको सांगते की त्या कॅम्पसवर कोणी बोलायला उभं राहिलं की ऐकणाऱ्यालाही ताठ बसावंसं वाटतं.

तिथल्या प्राध्यापकांची एक गोष्ट मला फार आवडली. विद्यार्थी दोन लेक्चरला दिसला नाही तर फोन येतो, काय झालं, नोकरीची शिफ्ट बदलली का, आई आजारी आहे का. घरातून कॉलेजात येणारं पहिलंच माणूस असेल तर त्याला कोणीतरी धरून ठेवावं लागतं, हे त्यांना पिढ्यानपिढ्या माहीत आहे. बायको एकटी परदेशी मुलगी होती वर्गात, तिला थँक्सगिव्हिंगला एका मैत्रिणीची आजी स्वतः गाडी घेऊन न्यायला आली होती. तुमची मुलगी एकटी पडणार नाही ताई.


रेणुका_बी

परत आले. प्रॅक्टिकल पुणेकरांच्या मुद्द्यापासून सुरू करते कारण बऱ्याच पालकांच्या मनात तेच असतं.

हॉपकिन्स उत्तमच आहे, पण प्रश्न तो नाहीये. शहर नियोजनात बघायचं असतं की कोर्सला प्लॅनिंग ॲक्रेडिटेशन बोर्डाची मान्यता आहे का, कारण अमेरिकेत नगरपालिका, वाहतूक संस्था, सल्लागार कंपन्या ते बघतात. मॉर्गनच्या या मास्टर्सला ती आहे. अमेरिकेत विद्यापीठांची कार्नेगी नावाची वर्गवारी असते, त्यात संशोधनाची सगळ्यात वरची पायरी आर-वन आणि त्याखालची आर-टू. मॉर्गन आर-टू मध्ये येतं आणि आर-वन व्हायचा जोरात प्रयत्न चाललाय. एचबीसीयूंपैकी आर-वन मध्ये सध्या फक्त हॉवर्ड आहे. माझ्या बॅचचे लोक आज राज्याच्या वाहतूक खात्यात, शहराच्या प्लॅनिंग विभागात, खाजगी कंपन्यांत आहेत. पुण्यातल्या एचआरला नाव माहीत नसेल हे खरं, पण पुण्यात या विषयात काम करणाऱ्या लोकांना काम दाखवलं की पुरतं.

मग नाव मोठं का नाही, तर ही गोष्ट माहीत असायला हवी. सरकारने या विद्यापीठांना वर्षानुवर्षं हात आखडता ठेवून पैसे दिले. शिवाय मॉर्गनने एखादा चांगला कोर्स सुरू केला की जवळच्या दुसऱ्या सरकारी विद्यापीठाला तसाच कोर्स काढायला परवानगी मिळायची, म्हणजे बाकीचे विद्यार्थी तिकडे जाणार. २००५ ला एमबीएवरून हेच झालं. मॉर्गनकडे एमबीए आधीपासून होतं, त्यांनी विरोध केला, तरी टाउसन आणि युनिव्हर्सिटी ऑफ बाल्टिमोर यांच्या संयुक्त एमबीएला राज्याने मंजुरी दिली. २००६ ला माजी विद्यार्थी वगैरेंनी मिळून राज्यावर केस टाकली, २०१३ ला न्यायाधीशांनी सांगितलं की कोर्सेसची ही नक्कल घटनेच्या विरोधात आहे, आणि २०२१ ला राज्याने मेरीलँडमधल्या चार ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांसाठी ५७.७ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, दहा वर्षांत. चारपैकी दोन बाल्टिमोरमध्येच आहेत, मॉर्गन आणि कॉपिन. २०२० ला दानशूर अब्जाधीश मॅकेन्झी स्कॉट यांनी एकट्या मॉर्गनला ४ कोटी डॉलर दिले ते वेगळे. इतकी वर्षं कमी पैशात ज्यांनी एवढं केलं ते आता पैसे आल्यावर काय करतात हे बघण्यासारखं आहे. मी होते तेव्हा आणि आत्ताच्या कॅम्पसमध्ये पण खूप फरक पडलाय, नवीन इमारती झाल्यात, आणि ज्या नॉर्थवूडच्या थिएटरचं सरांनी लिहिलंय तिथला जुना बाजार पाडून नवीन दुकानं, बँक वगैरे आलंय.

आता बाल्टिमोर. शहरात गुन्हेगारी आहे, खोटं कशाला सांगू. पण ते गल्लीगल्लीप्रमाणे बदलतं आणि ते दोन महिन्यांत अंगवळणी पडतं. कॅम्पस ईशान्येला आहे, जवळ लेक माँटेबेलो आहे तिथे लोक सकाळी चालायला येतात, परिसर बऱ्यापैकी हिरवा आणि घरगुती आहे. विद्यापीठाचे स्वतःचे पोलीस आहेत, शटल आहे. पुण्यातून ऑनलाइन फोटो बघून स्वस्त खोली मुळीच बुक करू नका, पहिलं सेमिस्टर कॅम्पसवर किंवा विद्यापीठाने सांगितलेल्या जागी राहायचं आणि मग सीनियर मुलींबरोबर घर बघायचं. रात्री लायब्ररीतून उशिरा निघायचं असेल तर शटलची वेळ आधी बघून ठेवायची, बस. मी राहिले, माझ्यानंतर आलेल्या मुली राहिल्या.

विषयाच्या दृष्टीने तिची वेळ पण चांगली आहे. बाल्टिमोरची पूर्व-पश्चिम जाणारी रेड लाइन रेल्वे २०१५ ला रद्द झाली होती, ती २०२३ ला परत हाती घेतलीये. पश्चिम भागात सत्तरच्या दशकात एक हायवे अर्धवट बांधला, त्यासाठी शेकडो कृष्णवर्णीय कुटुंबांची घरं पाडली आणि रस्ता पुढे कुठे गेलाच नाही, त्याचं काय करायचं यावर आता चर्चा चालू आहे. कात्रज-हडपसर बीआरटीचं पुण्यात काय काय झालं ते बघत मोठी झालेली मुलगी तिथल्या मीटिंगमध्ये बसली तर तिला बोलण्यासारखं खूप असेल.


समितीचा_विद्यार्थी

मी सातारा जिल्ह्यातून पुण्यात आलो तेव्हा विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहात राहून शिकलो, कमवा आणि शिका करून. १९५५ पासून ही समिती गावाकडच्या मुलांना पुण्यात धरून ठेवते म्हणून नंदूभाऊंनी त्या प्राध्यापकांच्या फोनचं लिहिलंय ते वाचून भरून आलं. हुशारी सगळीकडे असते, धरून ठेवणारं कोणी असतं का नसतं एवढाच फरक.

अजून एक भर घालतो. बाबासाहेबांनी १९४६ ला अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू ई बी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, अमेरिकेतले कृष्णवर्णीय आपला प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे नेतायत त्या अर्जाची प्रत मागायला, कारण आपल्याकडच्या अस्पृश्यांसाठीही तसं करता येईल का हे त्यांच्या मनात होतं. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तास सकाळी लवकर ठेवले म्हणजे नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं. ताईंच्या दिरांना एवढंच विचारावंसं वाटतं की सिद्धार्थला किंवा मिलिंदला आपण कोणाचं कॉलेज म्हणणार आणि तिथे शिकलेल्यांना कमी समजणार का.


प्रॅक्टिकल_पुणेकर

रेणुका, सविस्तर माहितीबद्दल आभार. मान्यतेचा मुद्दा पटला, तो मला माहीत नव्हता. असिस्टंटशिप लेखी मिळाली तर मी पण मॉर्गनच म्हणेन. लेखी मिळाल्याशिवाय मात्र कर्जाच्या कागदांवर सही करू नका ताई, एवढा आग्रह आहे.


वारजे_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मुलीने आणि मी मिळून हा धागा दोनदा वाचला. दिरांना पण लिंक पाठवलीये, अजून उत्तर नाही. रेणुका, त्या प्राध्यापकांना नक्की काय विचारायचं आणि कसं, ते सांगशील का? ती संकोचतेय की पैशाचं विचारलं तर वाईट दिसेल.


रेणुका_बी

अजिबात वाईट दिसत नाही, तिथे सगळे विचारतात आणि न विचारणाऱ्याचंच नुकसान होतं. असिस्टंटशिप किती सेमिस्टरसाठी आहे, फी पूर्ण माफ होते की काही भाग, महिन्याला किती मिळतात, उन्हाळ्यात काय, हेल्थ इन्शुरन्स त्यात धरलाय का, आणि नेमणुकीचं पत्र कधी मिळेल, कारण आय-ट्वेंटी (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) करताना तो आकडा दाखवला की बँकेत तेवढे कमी पैसे दाखवावे लागतात. हे विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरलाही सीसी करायचं, नुसतं प्राध्यापकांवर राहायचं नाही. स्वारगेटच्या सर्व्हेचा रिपोर्ट जोडायला सांगा तिला, कंपनीची परवानगी घेऊन. कोणत्या प्रोजेक्टवर काम करायचंय ते दोन ओळीत लिहिलं की ते लोक मनापासून वाचतात. शिक्षण झाल्यावर तिथे किती काळ काम करता येईल हे कोर्सच्या कोडवर ठरतं, तो कोड आय-ट्वेंटीवर असतो, तो इंटरनॅशनल ऑफिसला विचारून घ्या, कारण नियम बदलत असतात.

मेलचा मसुदा मला व्यनि करू दे, आज रात्री बघून देते.


वारजे_आई

व्यनि केलाय. ती म्हणतेय रिपोर्टमध्ये बसस्टॉपवरच्या बाकांचं एक पान आहे ते सगळ्यात वर ठेवते. उत्तर आलं की इथेच लिहीन.